शिमग्यातली आंघोळ

खालची वाडी, ता. रत्नागिरी
२२ फेब्रुवारी २०२५

हरी,

आशीर्वाद मागाहून. आधी भांडण.

महिना झाला तुझा फोन लागत नाही. पहिले चार दिवस वाटलं, डोंबिवलीला रेंज गेली असेल. मग शेजारच्या शमिकाच्या फोनवरून लावला, तर दोन रिंगांत उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. शमिका बिचारी तोंड बारीक करून म्हणाली, "मावशी, तुम्हांला ब्लॉक केलाय." म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड. अंगणवाडीतून निवृत्त होताना आणलेले फुलस्केप कागद पुष्कळ उरलेत माझ्याकडे.

होय, समीक्षाच्या लग्नाला साक्षीदार म्हणून मी सही केली. रत्नागिरीच्या ऑफिसात, निळ्या शाईने, पूर्ण नाव लिहून. उद्या पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करीन. तू मंडळात सांगत फिरतोस म्हणे, की आकाने माझ्या पोरीला फूस लावली. अरे, फूस लावायला ती काय तान्हं वासरू आहे? सत्तावीस वर्षांची बाई आहे. लॅबमध्ये रोज पन्नास लोकांच्या हातात सुई टोचते. तिला कोण कुठे ढकलणार?

विनीत मला आवडला. अंजनवेलचा आहे, रत्नागिरीत मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, पंपाच्या मोटारी. कमी बोलतो. जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतो, जे तुला छप्पन्न वर्षांत जमलं नाही. जात आपली नाही, ते मला ठाऊक आहे. तुझं खरं दुखणं जातही नाही. गावाच्या मुंबई मंडळाचा तू अध्यक्ष, स्टेजवर बसणारा, आता लोकांना तोंड काय दाखवू, हे तुझं दुखणं. दाखव की आहे ते. एवढं काही वाईट नाही.

हे पत्र भांडणासाठी लिहिलं तसं कामासाठीही. यंदा पावणाईची पालखी सोळा मार्चला आपल्या वाडीत येते आहे. मी दारापुढचं खळं सारवायला घेतलंय. समीक्षा पहिल्या शिमग्याला माहेरी येणार आणि नवऱ्याला घेऊन येणार. तू ये, मालनला आण, दर वर्षीसारखी तिने देवीची ओटी भरावी. तू नाही आलास तरी दार उघडं असेल.

माझं काही अडलेलं नाही. गुडघाही बरा आहे.

तुझी आका

*

६ मार्च २०२५

हरी,

वा रे वा! बहिणीशी बोलायला तोंड नाही आणि सदू मानकऱ्याला फोन करायला आहे?

सदू काल संध्याकाळी आला. चहा घेतला, दोन भाकऱ्या खाल्ल्या, आंब्याच्या मोहोरावर बोलला, तुडतुड्याच्या किडीवर बोलला. मी ओळखलं, ह्याच्या पोटात काहीतरी आहे. शेवटी उठता उठता म्हणतो, "तुळसाबाय, हरीभाऊचा फोन आलेला. बोलला, यंदा आमचा घर बंद धरा. पालखी पुढे न्या."

मी म्हटलं, "सदू, बंद घर कशाला म्हणतात?"

"कुलूप असला की बंद."

"मग शोध कुलूप. पुढच्या दाराला बघ, मागच्या दाराला बघ. सापडलं तर मला पण दाखव."

तो हसला. मी नाही हसले. हरी, ह्या घरात आई गेली तेव्हा मी होते. बाबा तीन वर्षं अंथरुणावर होते तेव्हा मी होते. लग्न होऊन गेले ती सहा महिन्यांत परत आले, तेव्हापासून ह्या घरातला दिवा माझ्याच हाताने लागतो. आणि तू डोंबिवलीत बसून फोनवर सांगतोस की घर बंद आहे! मग मी काय आहे रे? खुंटीला टांगलेली पिशवी?

सदूने मग दुसरा मुद्दा काढला. प्रत्येक खळ्यात घरचं माणूस पालखीला खांदा देऊन एक फेरी नाचवतं. हरीभाऊ नाही, तर खांदा देणार कोण? जावई नको म्हणाला, जावई दुसऱ्या घरचा. मी म्हटलं, मी देईन. तर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी माडावर चढते म्हटलं. "बाईमाणसानं?" म्हणाला. मी म्हटलं, "सदू, तू पाच वर्षांचा होतास तेव्हा अंगणवाडीत रडून रडून उलटी करायचास. तुला कडेवर घेऊन घरापर्यंत कोण आणायचं? तो खांदा बाईचाच होता ना?"

त्याने टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "बाय, पालखी कुलपावरनं पुढे जाते. उघड्या दारावरनं पुढे नेलेली मी तरी आयकली नाय. खांद्याचा नंतर बघू."

तर ऐक. पालखी येणार. तुझा फोन फुकट गेला. आता राग गिळ आणि तिकिटं काढ, शिमग्याच्या गाड्या आधीच भरल्यात.

वरच्या वाडीतल्या बायकांनी मला विचारलं, हरीभाऊ येतात ना? मी म्हटलं, येणार, न येऊन जातो कुठे. खोटं बोलले. तू नसलास की आवाज नसतो घरात, हे मला त्यांना सांगायचं नव्हतं. तुलाही सांगायचं नव्हतं, पण लिहून झालं, आता कोण खोडत बसणार.

आका

*

१० मार्च २०२५

हरिश्चंद्र,

आज पूर्ण नावाने लिहिते, कारण हरी म्हणायची इच्छा नाही.

काल रविवारी तू डोक्यावरून आंघोळ केलीस. पोरीच्या नावाने. जिवंत पोरीच्या नावाने! आणि ते पुरलं नाही म्हणून भावकीतल्या बाराच्या बारा घरांना फोन करून सांगितलंस, "समीक्षा आम्हांला मेली, मी आंघोळ करून मोकळा झालो." मला कुणी सांगितलं माहीत आहे? खुद्द समीक्षाने. तिला तुझ्या चुलतभावाच्या सुनेने फोन करून विचारलं, खरं का गो? ती मला म्हणाली, "आते, बाबांनी गरम पाण्याने केली असेल का गं? त्यांना थंड पाणी सोसत नाही." आणि मग फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. हरी, तुला लाज वाटली पाहिजे. मी रात्रभर रडले, लिहून ठेवते, तुला कळू दे.

आता रडणं झालं. आता तुझ्या अकलेकडे वळते.

अरे शहाण्या, शिमगा तोंडावर असताना आंघोळ कोण करतं?

तू मंडळात तोरा मिरवायला बादली ओतून घेतलीस. पण आंघोळ केलीस म्हणजे माणूस गेलं, आणि माणूस गेलं म्हणजे भावकीला सुतक आलं. सुतकातल्या घरी पालखी चढत नाही. बारा घरं, हरी! संदेशने सुट्टी टाकून पोरंबाळं आणलीत, रात्रभर गाडीत उभा राहून आलाय. चुलत्याच्या घरी नवीन सुनेची पहिली ओटी आहे. सगळ्यांनी घरं रंगवली, पोरींनी साड्यांना फॉल लावले. आणि आज सकाळपासून सगळे माझ्या खळ्यात उभे, तोंडं लांब करून. संदेश म्हणाला, "हरीकाकांना तीन आठवडे थांबायला काय झालेलं? पाडव्यानंतर मारायची होती पोरीला." मला एवढ्यातही हसू आलं.

सगळे मिळून रामा गुरवाकडे गेलो. ऐंशीचा आहे, पण सोयरसुतकात त्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही. त्याने डोळे मिटले आणि विचारलं, "लेक लगीन झालेली का बिनलग्नाची?"

कुणी म्हणालं झालेली, कुणी म्हणालं नाही.

तो म्हणाला, "लगीन झालेली असल, तर ती दुसऱ्या घरची. भावकीला काय नाय, फक्त आयबापाला तीन दिवस. बिनलग्नाची असल, तर आख्ख्या भावकीला धा दिवस."

कळलं का तुला? नऊ तारखेपासून दहा दिवस धर. अठरापर्यंत सुतक, आणि पालखी सोळाला. लग्न झालेलं असेल तर बाराही घरं मोकळी, नसेल तर बाराही घरं गेली. आणि लग्न झालं की नाही, हे रामा म्हणतो बापाने सांगायचं. जानेवारीत तू सगळ्यांना सांगितलंस की ते लग्नच नाही, मी मानत नाही.

आता बोल. "लग्न झालं" एवढे दोन शब्द बोललास की भावकी सुटली. नाही बोललास तर बारा घरच्या बायका नटून बसतील, ढोल त्यांच्या दारावरून पुढे जाईल, आणि प्रत्येकजण तुझं नाव घेईल. अध्यक्ष म्हणून नव्हे.

भावकी तुला आज-उद्या फोन करेलच. त्यांना तरी ब्लॉक करू नकोस.

तुळसा

*

१३ मार्च २०२५, होळीचा दिवस

हरी,

काल संध्याकाळी सहाणेवर सगळी भावकी जमली. जिथे पालखी बसते त्या चौथऱ्यासमोरच, म्हणजे खोटं बोलायची सोय नाही. सदूने तुला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तुझा आवाज ऐकला मी, दीड-दोन महिन्यांनी. सर्दी झालीय तुला. गरम पाण्यानेच करायची होतीस.

सदूने सरळ विचारलं, "हरीभाऊ, समीक्षाचा लगीन झाला का नाय?"

तू काय बोललास? "मला त्यात ओढू नका." आणि ठेवलास. अरे, तुला कोण ओढतंय? तूच सगळ्यांना ओढून नेलंस आणि आता काठावर कपडे वाळवत बसलायस!

मग जो गलका झाला, विचारू नकोस. कुणी म्हणे दहा दिवस धरा, वाद नको. कुणी म्हणे कागद आहे ना लग्नाचा, तो बघा. रामा म्हणाला, कागद सरकारला, देवाला बापाचा शब्द. मी ऐकत होते. मग उठले आणि रस्त्याकडे हात केला. समीक्षा तिथे विनीतच्या गाडीजवळ उभी होती. मीच बोलावून घेतली होती, कुणाला न सांगता. ड्युटीवरून तशीच आली, केस विंचरलेले नाहीत, पायांत त्या लॅबच्या पांढऱ्या चपला.

मी तिला हाताला धरून मधोमध आणली आणि म्हटलं, "ही बघा मेलेली. कुणाला हात लावून बघायचा असेल तर लावा. श्वास चालू आहे. सकाळपासून उपाशी आहे, तेवढंच काय ते."

पोरीने मान खाली घातली नाही. तुझीच आहे, हट्टात.

रामा गुरव काठी टेकत जवळ आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "जित्या माणसाचा सुतक धरलेला मी तरी बघितला नाय. पन बापानं आंघोळ केली ती केली, ती काय आता पुसता येत नाय. ह्याला एकच वाट हाय."

आणि मग त्याने जुनी गोष्ट सांगितली. त्याचा बाप गुरवकी करायचा तेव्हाची. नाटे बंदराकडचा एक खलाशी, आपल्या गावचा जावई. गलबत बुडालं, घरच्यांनी वाट बघून आंघोळी केल्या, आणि चार महिन्यांनी तो चालत दारात आला. दाढी वाढलेली, पण जिवंत. आता एकदा मेलेल्याला घरात घ्यायचा कसा? तर रामाच्या बापाने त्याला नवा जन्म दिला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून निजवला आणि त्याचं बारसं केलं. चांगला मिशीवाला बाप्या, कानात कुर्र करून नाव ठेवलं! त्या दिवसापासून तो परत जित्यांत.

रामा म्हणाला, "हिचा बारसा करायला लागल."

लगेच संदेशच्या सासऱ्याने शंका काढली. शिकलेला माणूस ना! म्हणे, नवा जन्म म्हणजे सोयर आलं, सोयराचे पण दहा दिवस. मग पालखी कशी येणार? रामाने त्याच्याकडे असं बघितलं, जसं मी पाटी फोडणाऱ्या पोराकडे बघायचे. "बारसा कधी होतो? सोयर फिटल्यावर. बारसा झाला म्हणजे सोयर फिटला. त्यात काय विचारायचा?" मागून एकीने बारीक आवाजात विचारलं, "मग लगीन पण परत लावायचा?" मी म्हटलं, "त्या कागदावर माझी सही आहे. ती जन्म बदलला तरी पुसत नाही."

आता बारसं परवा, पंधराला, आपल्या घरात. नाव आत्याने ठेवायचं असतं, ती आत्या ठणठणीत आहे. तुझ्या परवानगीची गरजच नाही बघ! सत्तावीस वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या खोलीत हिच्या कानात पहिल्यांदा नाव सांगितलं ते पण मीच. तेव्हा तू पाळण्याची दोरी धरून रडला होतास आनंदाने. ते मी विसरले नाही, तू विसरला असलास तर विसर.

अडचण एकच. बाळ आईच्या मांडीवर असावं लागतं. मी मालनला फोन केला. तिने मला ब्लॉक केलेलं नाही, तुला माहीत नसेल. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मागे तुझ्या टीव्हीचा आवाज येत होता. शेवटी म्हणाली, "आका, बत्तीस वर्षांत मी त्यांना न विचारता कुठे गेले नाही." मी म्हटलं, "विचार मग. पण उत्तर काय येईल ते दोघींना ठाऊक आहे." तिने फोन ठेवला.

खरं सांगू? मालनचं आणि माझं कधी फार जमलं नाही. वर्षभर मी घर सांभाळायचं आणि शिमग्याला हिने येऊन सोन्याच्या बांगड्या वाजवत ओटी भरायची, मी आतून नारळ पुरवायचे. मला राग यायचा. पण आज मी देवीला म्हटलं, बाई, तिला गाडीत बसव. आई नसली तर बारसं नाही, बारसं नाही तर पालखी नाही, आणि पोरगी आयुष्यभर मेलेली राहील.

पत्र पोचेल तेव्हा पंधरा तारीख उलटून गेली असेल. तरी लिहिलं. तुला सांगितल्याशिवाय मला काही करता येत नाही, ही माझी खोड आहे.

आका

*

१६ मार्च २०२५, संध्याकाळ

हरी,

हे पत्र संदेशबरोबर पाठवते आहे. तो आजच्या रात्रीच्या गाडीने परत निघालाय, उद्या सकाळी तुझ्या हातात देईल. ढोल अजून वरच्या वाडीत वाजतोय, माझे हात गुलालाने भरलेत, कागद लाल झाला तर समजून घे.

बायको शोधत असशील तर ती इथे आहे. झोपाळ्यावर बसून समीक्षाच्या केसांना तेल लावते आहे.

काल सकाळी मी आशा सोडली होती. बाया जमल्या, घुगऱ्या शिजल्या, रामा गुरव येऊन बसला. कुणीतरी म्हणालं, आईच्या जागी काकीला बसवू या. रामा नाही म्हणाला. दहाची एस.टी. आली, गेली. मी समीक्षाकडे बघायचं टाळत होते. आणि मग खळ्यात रिक्षा! मालन उतरली. एक पिशवी, दुसरं काही नाही. रत्नागिरी स्टेशनपासून एकटी रिक्षा करून आली, जी बाई कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायला तुझी वाट बघते. पायरीवर उभी राहून म्हणाली, "उशीर झाला का, आका?" मी तिच्या गळ्यात पडले. जन्मात पहिल्यांदा.

ती भिंतीला टेकून बसली, समीक्षाने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. लांबलचक बाळ, पाय माजघरातून पडवीत गेलेले! बायका आधी फिदीफिदी हसल्या. मग मालनने पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि हसणं बंद झालं. मी वाकले. गुडघ्याने घात केला, खाली बसले ती उठताच येईना, विनीतने मागून धरलं. (बरा नाहीये गुडघा. खोटं लिहिलं होतं.) तिच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. रामा म्हणाला होता, नवीन नाव ठेवलंत तरी चालेल. मी तेच ठेवलं. समीक्षा. चांगलं आहे ते, तूच शोधलं होतंस.

पोरगी हुंदके देऊन रडली. रामा म्हणाला, "जन्मल्यावर रडलाच पायजे." बारशाला नाचलेल्या बायका कधी बघितल्या आहेत? आपल्या माजघरात नाचल्या.

आणि आज दुपारी पालखी आली. बाराही घरं घेतली, एकही सुटलं नाही. आपलं शेवटून दुसरं. खळ्याच्या तोंडाशी सदू थांबला, ढोल थांबला. "खांदा?" म्हणाला. मी पदर खोचला आणि पुढे गेले. मागचा खांदा समीक्षाने घेतला. सदूने एकदा रामाकडे बघितलं. रामा म्हणाला, "काल जन्मलेला पोर खांदा देतंय, तू काय बघत बसलायस? वाजवा!" हरी, किती जड असते रे ती! तू दर वर्षी हसत हसत नाचवायचास, मला वाटायचं फुलासारखी असेल. दोन फेऱ्या मारल्या आम्ही. गुडघा आज कुठला कुठे दुखतोय, दुखू दे. मालनने ओटी भरली. मग मला पुढे ढकललं आणि म्हणाली, "आता तुमची." मीही भरली. माझ्या हाताने, माझ्या घरात, चौकटीच्या बाहेरच्या अंगाला उभी राहून. चाळीस वर्षांत पहिल्यांदा देवीचं तोंड नीट बघितलं मी.

मग रामाने गाऱ्हाणं घातलं. "हे आई पावणाई, ह्या घरातली तुळसा, हिला सुखी ठेव म्हाराजा!" सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटलं. "मालन, हिला सुखी ठेव. नवी जन्मलेली समीक्षा, तिचा घरकारी विनीत, ह्यांचा संसार सुखाचा कर म्हाराजा!" होय म्हाराजा. मग तो थांबला. माझ्याकडे बघितलं. "हरिश्चंद्र?" म्हणाला.

सगळ्या खळ्याने माझ्याकडे बघितलं. मालनने डोळे मिटले होते.

मी म्हटलं, "त्याचं नाव घेऊ नका. तो सुतकात आहे."

मी रागाने नाही म्हटलं. आंघोळ तू केलीस, आम्ही कुणी नाही. भावकी सुटली, मालनने अंगावर पाणी घेतलेलंच नाही. ह्या सगळ्या गावात, मुंबईत, तुझ्या मंडळात, सुतक असलेला माणूस आता तू एकटा आहेस. सुतकातल्या माणसाचं नाव पालखीपुढे कसं घेणार? रामाने मान हलवली, ढोल वाजला आणि पालखी पुढच्या घरी गेली. माझा जीव तुटला, पण शब्द परत घेतला नाही.

आता नीट ऐक, हे एवढंच सांगायला संदेशला ताटकळत ठेवलंय. पालखी पाडव्यापर्यंत सहाणेवर आहे, गाऱ्हाणं कधीही घालता येतं. समीक्षा आणि विनीत गुरुवारपर्यंत इथे आहेत, मालन पण.

तुझी लेक बिनलग्नाची गेली म्हणत असशील, तर तुझे दहा दिवस अठराला संपतात. एकोणीसच्या आधी तुला गावात पाय ठेवता यायचा नाही, बसून राहा. आणि लग्न झालेली लेक म्हणत असशील, तर बापाला तीनच दिवस. ते अकरा तारखेलाच सरले. मग उद्या दुपारची गाडी आहे, परवा सकाळची आहे.

मी तुला फोन करणार नाही. रोज स्टेशनवर विनीतला उभा करणार आहे. तू कुठल्या दिवशी उतरतोस, ते तो मला येऊन सांगेल.

आका